अडीचशे फुटांवरचं भांडण

वेल्सच्या मध्यभागी डोल्गेथ्लाय आणि मखंथ्लेथ या दोन गावांच्या दरम्यान डोंगरांची एक वळणावळणाची रांग आहे. विमानांचे फोटो काढणारे लोक तिला 'मॅक लूप' म्हणतात. हातभर लांब लेन्सा, फ्लास्कात चहा आणि पावसाची जाकिटं घेऊन हे लोक कड्यावर बसतात आणि लढाऊ विमान वरून बघतात. विमान दरीतून जातं, माणूस कड्यावर असतो. त्यामुळे वैमानिकाचं हेल्मेट, कधी त्याची वळलेली मानसुद्धा दिसते. जगात असं दृश्य फार ठिकाणी मिळत नाही, हे मलाही मान्य आहे.

मी त्याच मुलखात फॅमिली डॉक्टर म्हणून आयुष्याची कामाची वर्षं काढली. माहेर निफाड तालुक्यातलं. ओझरचा एचएएलचा विमान कारखाना जवळ, त्यामुळे मिगचा आवाज मला नवा नव्हता. तरी दरीतल्या माणसांनी या उड्डाणांविरुद्ध एक लहानसा गट काढला तेव्हा मी त्यात गेले, आणि पुढे पत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडेच आलं. डॉक्टरचं अक्षर वाईट असतं म्हणून मी टाइप करायचे. त्या उद्योगातून जे शिकले ते इथे मांडते. भारतात, अमेरिकेत, कुठेही असं भांडण भांडावं लागलं, तर कुणाच्या तरी कामाला येईल.

१. उंचीचा नियम तोंडपाठ करा, मगच तोंड उघडा

आमच्या पहिल्या बैठकीत निम्म्या लोकांची पक्की समजूत होती की ही विमानं बेकायदा उडतात. तसं नाही. ब्रिटनमध्ये जमिनीपासून दोन हजार फुटांपर्यंतचं जवळजवळ सगळं आकाश लष्कराच्या कमी उंचीच्या सरावासाठी वापरलं जातं. त्याचे विभाग पाडले आहेत. वेल्सचा बहुतेक भाग सातव्या विभागात येतो. लढाऊ जेटसाठी किमान अंतर २५० फूट, म्हणजे ७६ मीटर, साधारण पंचवीस मजल्यांची इमारत. हे अंतर फक्त जमिनीपासून मोजायचं नसतं. घर, खांब, माणूस, डोंगराचा उतार, सगळ्यांपासून सगळ्या बाजूंनी तेवढं राखायचं असतं. मध्य वेल्स, उत्तर स्कॉटलंड आणि इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा अशा तीन प्रदेशांत ठरावीक वेळी १०० फुटांपर्यंत उतरायची मुभा आहे. त्याचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. हेलिकॉप्टरांना तर जमिनीला टेकेपर्यंत परवानगी असते.

हे सगळं जाहीर आहे, वाचता येतं. आमच्यापैकी कुणी वाचलं नव्हतं. पत्रात एकदा 'बेकायदा' हा शब्द आला की समोरच्याला दोन ओळींचं उत्तर पुरतं: नियमाप्रमाणेच उडालो. मग पुढचं तुमचं कितीही खरं असो, कोण वाचतो? आमचं भांडण नियम मोडण्याशी नव्हतंच, नियमाशीच होतं. ते ध्यानात आल्यावर पत्रांचा सूर बदलला आणि उत्तरंही जरा लांब यायला लागली.

२. डेसिबलच्या मागे लागू नका

आवाज मोजायचं यंत्र विकत घ्यावं असा एकाचा आग्रह होता. यंत्र आलं, आकडे आले, आणि त्या आकड्यांनी काहीच सिद्ध होईना. कारण सरासरी काढली की दिवसभराची दरी शांतच दिसते. मेंढ्या, ओढा, वारा, अधूनमधून ट्रॅक्टर. विमान जातं ते काही सेकंद.

गोष्ट आहे ती अचानकपणाची. हिशोब सोपा आहे. या जेटचा नेहमीचा वेग ४५० नॉट, ताशी सुमारे ८३० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला २३० मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवरच्या सोंडेआडून बाहेर आलं तर सव्वाचार सेकंदांत डोक्यावर पोचतं, आणि त्याचा आवाज तुमच्यापर्यंत येतो तिसऱ्या सेकंदाला. हातात उरतो जेमतेम दीड सेकंद. डोंगर आणखी जवळ असेल तर तेवढाही नाही. शहरातल्या विमानतळाचा आवाजही मोठा असतो, पण तो चढत जातो, शरीराला तयारी करायला वेळ देतो. इथे शून्यातून एकदम छताला भिडतो.

दवाखान्यात हे मी अगदी जवळून बघितलं आहे. दोन महिन्यांच्या बाळाला लस द्यायची होती. आईने मांडी घट्ट धरलेली, माझ्या हातात सुई, आणि विमान. बाळाचे दोन्ही हात एकदम बाहेर फेकले गेले, बोटं ताणली गेली आणि मग ते हात आत वळले, जणू कुणाला मिठी मारतंय. तान्ह्या बाळात ही प्रतिक्षिप्त क्रिया असतेच. तपासणीत आम्ही ती मुद्दाम बघतो. पण त्या दिवशी बाळाच्या आईनेही नेमकं तसंच केलं. मांडी सुटली. सुई मी वेळेत मागे घेतली म्हणून निभावलं. कुठल्याही आवाजयंत्राच्या आकड्यापेक्षा हे एक वर्णन पुढे आमच्या जास्त कामाला आलं.

आमच्या दवाखान्याच्या यादीवर लढाईतून परतलेले काही सैनिकही होते. त्यांच्यापैकी कुणी काही बोलायचं नाही. फक्त विमान गेलं की वेटिंग रूममधली एक खुर्ची रिकामी व्हायची. माणूस बाहेर सिगारेट ओढत उभा असायचा.

३. मेंढपाळाला विचारा, आणि तो सांगेल तेवढंच लिहा

गटातल्या बऱ्याच लोकांना वाटायचं, जनावरांचं नुकसान हा आपला हुकमी एक्का. मार्च-एप्रिल हा मेंढ्या व्यायचा हंगाम. मी शेजारच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या वाड्यात गेले. पत्र्याचं छप्पर, खाली पेंढा, एका कोपऱ्यात लाल दिव्याखाली आई नाकारलेली दोन कोकरं. आम्ही बोलत असताना विमान गेलं. जुन्या मेंढ्यांनी मानसुद्धा वर केली नाही, रवंथ चालू. पहिलारू मेंढ्या मात्र सगळ्या एका कोपऱ्यात उसळल्या, एकमेकींच्या अंगावर. म्हातारा कठड्यावरून उडी मारून आत गेला आणि त्या गर्दीच्या तळातून एक ओलं कोकरू ओढून काढलं. जिवंत होतं. त्याने पेंढ्याच्या बोळ्याने ते चोळलं, नाकात काडी घातली. शिंक आली.

मग मला म्हणाला, "डॉक्टर, हे लिहा. पण माझ्या मेंढ्या गाभडल्या असं लिहू नका. गाभडल्या नाहीत. माझ्या बापाच्या वेळेपासून ही विमानं उडताहेत."

मी तसंच लिहिलं. गटातल्या एका उत्साही गृहस्थांना ते फार पातळ वाटलं. त्यांनी दुसऱ्या कागदावर 'शेकडो कोकरांचा मृत्यू' असं घातलं. तो कागद मी पाठवला नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. चालायचंच. जनावरांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलेला नुकसानीचा दावा सरकार इथे मेहेरबानी म्हणून का होईना विचारात घेतं. पण एका शेतकऱ्याने फुगवून लिहिलं की दरीतल्या पुढच्या दहा खऱ्या दाव्यांकडे संशयाने बघतात.

घोड्यांचं मात्र वेगळं आहे. घोडा जेटपेक्षा हेलिकॉप्टरला जास्त बुजतो आणि बुजला की वर बसलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. २००३ मध्ये लिंकनशायरमध्ये चिनूक हेलिकॉप्टर कमी उंचीवरून गेल्यावर घोडा उधळला आणि स्वार बाई मेली. त्यानंतर घोडेस्वारांना आपण कुठे, कधी जाणार हे आधी कळवता यावं म्हणून फुकट फोनची सोय झाली. ती सोय व्हायला एक माणूस जावं लागलं, हे वेगळं सांगायला नको.

४. उंची डोळ्यांनी मोजता येत नाही

'विमान माझ्या धुराड्याला घासून गेलं' असं प्रत्येक तक्रारदार लिहितो. विमान मोठं असतं, वेगात असतं, माणूस घाबरलेला असतो. आपण उंची नेहमी कमीच धरतो. समोरच्याला हे पक्कं ठाऊक आहे.

आमच्या गटातल्या एका निवृत्त भूगोल शिक्षिकेने यावर तोड काढली. ऑर्डनन्स सर्व्हेचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा भिंतीला लावला. समोरच्या डोंगरावरची स्लेटची जुनी खाण, मेंढ्यांची दगडी भिंत, झाडांची वरची ओळ, अशा ओळखीच्या जागांना समोच्च रेषा बघून उंची लिहिली. विमान खाणीच्या खालून गेलं की वरून, एवढंच लिहायचं. आपलं घर कोणत्या उंचीवर हे माहीत असतंच. बाकी वजाबाकी. अंदाज चुकला तरी चूक किती, हेही सांगता येतं. सोबत वेळ मिनिटापर्यंत, दिशा, विमानं एक की जोडीने, ढग किती खाली होते. विमानाचा प्रकार माहीत नसेल तर लिहूच नका. 'हॉक' लिहिलंत आणि ते 'टायफून' निघालं, की सगळ्या पत्रावर पाणी.

कड्यावरचे फोटोवाले इथे आमच्या उपयोगी पडले, ही गंमतच. त्यांच्या प्रत्येक फोटोवर सेकंदापर्यंत वेळ असते, शेपटीवरचा नंबर वाचता येतो. त्यांना विमानं हवी होती, आम्हाला नको होती. पण दोघांनाही नोंद अचूक हवी होती. एकाने तर मला सांगून ठेवलं होतं, "तुम्हाला हवी ती वेळ विचारा, फोटो देतो. फक्त माझी सही मागू नका."

५. गाव एकमुखी नसतं, आणि नसू दे

आमच्या बैठका चॅपलच्या मागच्या खोलीत व्हायच्या. चहा, तव्यावरचे वेल्श केक, आणि भांडणं. एका कॅफेवालीचा धंदा फोटोवाल्यांवर चालायचा. एकाचा पुतण्या अँगलसी बेटावरच्या ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफ) व्हॅली तळावर कामाला होता, आणि त्या बेटावर अशा नोकऱ्या झाडाला लागत नाहीत. एक म्हातारी म्हणायची, दुसऱ्या महायुद्धात याच पोरांनी आपल्याला वाचवलं. यातला कुणीही मूर्ख नव्हता. गटाच्या पत्रावर 'समस्त ग्रामस्थ' असं लिहायचा मोह मोठा असतो. लिहू नका. एखादा ग्रामस्थ उठून 'मी नाही त्यातला' असं वर्तमानपत्राला सांगतो आणि तेच छापून येतं.

मला त्यांचं म्हणणं इतरांपेक्षा लवकर उमगलं, याला कारण ओझर. १९६० च्या दशकात तिथे मिग बांधायचा कारखाना आला. आमच्या ओळखीत कुणी ना कुणी एचएएलमध्ये होतंच. द्राक्षबागेवरून मिग गेलं की कामावरची माणसं वर बघायची आणि म्हणायची, "आपलं." तक्रार करायची कल्पना कुणाच्या स्वप्नातही आली नसती. आपल्या भागातली कामं, भाच्याची नोकरी, देशाचा अभिमान, हे सगळं त्या आवाजात मिसळलेलं होतं. म्हणून वेल्समध्ये कुणी 'तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला काय कळणार' असं म्हणालं की मी ओझरची गोष्ट सांगायचे. ऐकणारा जरा खाली बसायचा.

तरी वेल्सच्या आठवणीत दुसराही एक धागा आहे आणि तो न समजता तिथे कुठलीही चळवळ करता येत नाही. १९३६ च्या सप्टेंबरात थ्लीन द्वीपकल्पावर पेनिबर्थ इथे बांधल्या जात असलेल्या बॉम्बफेकीच्या प्रशिक्षण केंद्राला तिघांनी आग लावली: साँडर्स लुइस, डी. जे. विल्यम्स आणि लुइस व्हॅलेंटाइन. एक साहित्यिक प्राध्यापक, एक शाळामास्तर, एक धर्मोपदेशक. आग लावून ते स्वतःच पोलिसांत हजर झाले. कॅरनार्व्हनच्या ज्युरीचं एकमत होईना, तेव्हा खटला लंडनला हलवला आणि तिघांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. विमानांच्या सरावाविरुद्धचा हा पहिला मोठा वेल्श विरोध आणि तो इतका सभ्य, इतका हट्टी. मग १९४० मध्ये एपिंट डोंगरावरची ५४ घरं तोफांच्या सरावासाठी रिकामी केली. युद्ध संपलं, लोक परत आले नाहीत. तिथे आजही तोफांचा सराव चालतो. १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे गाव धरणाखाली गेलं.

नगरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या लष्कराच्या के. के. रेंज या सराव क्षेत्रालगतच्या गावांत आपली जमीन रणगाड्यांच्या सरावासाठी जाईल ही धास्ती पिढ्यांची आहे, आणि त्यातल्या कित्येकांच्या घरात मुळा धरणाचीही आठवण आहे. देशाचं काम म्हणून एकदा दिलं, पुन्हा किती वेळा द्यायचं, हा प्रश्न मराठीत विचारा की वेल्शमध्ये, सूर तोच लागतो.

६. कोर्ट पैसे देतं, शांतता देत नाही

आमच्यातल्या एका वकिलाने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की कोर्टात जायचं असेल तर ज्याच्याकडे मोठा वाडा आहे त्याने जावं. तो चेष्टेत म्हणत नव्हता. इंग्लंडमधला गाजलेला निकाल २००३ चा. आरएएफ विटरिंगच्या तळाजवळ वॉलकॉट हॉल नावाची जुनी भव्य वास्तू. तिच्या मालकांनी हॅरियर विमानांच्या आवाजाबद्दल संरक्षण खात्यावर दावा लावला. न्यायमूर्ती बकली यांनी मान्य केलं की हा उपद्रव आहे, घरात राहण्याच्या हक्काचा भंग आहे. साडेनऊ लाख पौंडांची भरपाई दिली. आणि उड्डाणं थांबवायला नकार दिला, कारण वैमानिकांचं प्रशिक्षण देशाच्या हिताचं. म्हणजे आवाज चालू राहणार, फक्त त्याची किंमत मोजली. मेंढपाळाच्या कौलारू घराची अशी किंमत किती निघेल, याचा अंदाज कुणीही करावा.

अमेरिकेतला १९४६ चा कॉझ्बी खटला मला जास्त आवडतो, त्यातल्या कोंबड्यांमुळे. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोजवळ एक कोंबड्या पाळणारा शेतकरी. शेजारच्या धावपट्टीवर लष्कराची बॉम्बफेकी विमानं उतरायची ती त्याच्या जमिनीवरून ८३ फुटांनी. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरायच्या, एकेका दिवशी सहा ते दहा. एकूण दीडशेच्या आसपास गेल्या. धंदा बुडाला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपल्या जमिनीवरचं आकाश वरपर्यंत आपलंच, ही जुनी कल्पना विमानांच्या युगात चालणार नाही. पण जमीन वापरण्यापुरतं लगतचं आकाश मालकाचंच, आणि तिथून असं वारंवार उडणं म्हणजे जमीन घेण्यासारखंच, तेव्हा भरपाई द्या. माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात शहाणा निकाल अजून हाच. तरीही पुन्हा तेच: भरपाई.

७. दुसऱ्याचे मेलेले लोक आपल्या पत्रात वापरताना दहादा विचार करा

३ फेब्रुवारी १९९८ रोजी इटलीत कावालेसेजवळ अमेरिकन मरीनच्या प्राउलर विमानाने दरीतून खाली उडताना रोपवेची तार तोडली. पाळणा खाली कोसळला, आतली वीसच्या वीस माणसं मेली. तिथे किमान उंची दोन हजार फूट ठरलेली होती. विमान त्याच्या पाव हिश्शापेक्षाही खाली होतं. वैमानिक मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. उड्डाणातली व्हिडिओ टेप नष्ट केल्याबद्दल मात्र पुढे शिक्षा झाली.

आमच्या गटात दर पत्रात कावालेसे घालायचं असा रिवाज पडला होता. मी विरोध केला. एक तर वाचणारा तिसऱ्या पत्रापासून त्यावरून नजर फिरवतो. दुसरं, त्यातून नेमकं काय मागायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. कावालेसेत नियम होता, चांगला होता, पाळला गेला नाही. म्हणजे त्या अपघाताचा धडा 'उंची वाढवा' असा निघत नाही. उंची पाळली जाते का हे कोण बघतं आणि पाळली नाही तर कोण विचारतं, असा निघतो. आम्ही पुढे तेवढंच विचारलं. त्याचं उत्तर द्यायला समोरच्याला बराच वेळ लागला, यातच काय ते आलं.

माझ्या निफाड तालुक्यातही सुखोई पडलं, दोनदा. २७ जून २०१८ रोजी पिंपळगाव बसवंतजवळ वावी-ठुशीच्या शिवारात आणि ४ जून २०२४ रोजी शिरसगावला. दोन्ही वेळा वैमानिक बाहेर पडले, वाचले. पहिल्या खेपेला भावाचा फोन आला, धूर इथून दिसतोय म्हणून. ती विमानं दरीत सराव करत नव्हती, त्यामुळे आमच्या भांडणात ते उदाहरण बसत नाही, आणि मी ते कधीच वापरलं नाही. पण बागायतीत विमान पडणं म्हणजे काय, हे मला त्यानंतर कुणी समजावून द्यायची गरज राहिली नाही.

८. ते खाली का उडतात हे प्रामाणिकपणे समजून घ्या

डोंगराआड राहिलं की रडारला दिसत नाही, हे मूळ कारण. १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिश टॉर्नेडो विमानांनी इराकच्या धावपट्ट्यांवर खालून हल्ले केले, काही गमावली, आणि लवकरच ती वरून उडायला लागली. तेव्हा आमच्यातले लोक म्हणायचे, बघा, आता याची गरजच नाही. शीतयुद्ध संपल्यावर उड्डाणं कमीही झाली. मग २०२२ नंतर युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची विमानं झाडांच्या शेंड्यांजवळून उडताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. गरज नाही हा मुद्दा तिथे संपला. मी तो त्याआधीच सोडला होता. सैन्याला काय लागतं हे मेंढपाळ आणि डॉक्टर ठरवू शकत नाहीत. कधी, किती, कुणाला सांगून, एवढं विचारायचा हक्क मात्र पुरेपूर आहे.

९. आपल्या माथ्यावरून गेलं ते कुणाच्या माथ्यावर गेलं, ते शोधा

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि आता यापलीकडे मला फारसं काही महत्त्वाचं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात पश्चिम जर्मनीची अवस्था आमच्याहून वाईट होती. नाटोच्या निरनिराळ्या हवाई दलांची विमानं, दाट वस्ती, आणि काही ठरावीक पट्ट्यांत थेट ७५ मीटरपर्यंत उतरायची परवानगी. १९८८ च्या डिसेंबरात रेमशाइड शहरात अमेरिकन ए-१० विमान धुक्यात घरांवर कोसळलं. त्याआधी ऑगस्टमध्ये रामश्टाइनच्या हवाई कसरतींत सत्तर माणसं गेली होती. लोक रस्त्यावर उतरले, खासदारांना बोलतं केलं. १९९० मध्ये किमान उंची ३०० मीटर झाली. आमच्या गटात जर्मनीचा हा विजय पुराणातल्या कथेसारखा सांगितला जायचा.

कथेचा उरलेला भाग कुणी सांगत नव्हतं. जर्मन हवाई दलाचा कमी उंचीचा सराव थांबला नाही; तो कॅनडात लॅब्राडोरला, गूस बेच्या तळावर होत राहिला. ब्रिटिश तिथे होते, डच होते. कागदावर तो प्रदेश रिकामा. तिथे १०० फुटांनी उडता येई, म्हणजे ३० मीटर. पण ती इनू लोकांची भूमी, नितासिनान. वसंतात आणि शरदात ते कुटुंबकबिल्यासह आत जात, तळ्याकाठी तंबू ठोकत, कॅरिबूची शिकार करत. तंबूला कापडाच्या भिंती. माझ्या दवाखान्यातल्या बाळाला निदान वर स्लेटचं छप्पर होतं.

१९८८ मध्ये इनू लोक गूस बेच्या धावपट्टीवर जाऊन बसले. बायका पुढे होत्या. एलिझाबेथ पेनाशुए त्यांच्यातल्या एक. अटक झाली, तुरुंग झाला, सुटल्यावर पुन्हा धावपट्टी. १९८९ च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश जेम्स इग्लोलिओर्टे, ते स्वतः इनुइट, यांनी चौघांना निर्दोष सोडलं: ही जमीन आमची आहे असं हे लोक प्रामाणिकपणे मानतात, आणि तसं मानायला त्यांना आधार आहे. त्यानंतरही खटले चालूच राहिले. नाटोने तिथे मोठं प्रशिक्षण केंद्र उभारायचा बेत १९९० मध्ये सोडला, पण त्या त्या देशांचा सराव नव्या शतकातही काही वर्षं चालू होता.

आमच्या गटात हे मी वाचून दाखवलं तेव्हा कॅफेवाली म्हणाली, "म्हणजे आपण जिंकलो तर कुणाच्या तरी तंबूवरून जाणार." वकील म्हणाला, तो आपला प्रश्न नाही. म्हातारा मेंढपाळ काहीच बोलला नाही, पण पेनिबर्थचं तो नेहमी सांगायचा, ते त्या दिवशी पुन्हा सांगितलं: ते केंद्र इंग्लंडमध्ये आधी दुसऱ्या जागांसाठी सुचवलं होतं, तिथले लोक ओरडले, बदकं आणि प्राचीन अवशेष आडवे आले, आणि मग ते वेल्सवर आलं. डोंगरातला माणूस कमी बोलतो म्हणून त्याच्याकडे सरकवलं.

मग आम्ही मागण्या पुन्हा लिहायला घेतल्या. उड्डाणं बंद करा, ही जुनी पहिली मागणी गेली. आल्या त्या अशा: शंभर फुटांच्या सरावाचं वेळापत्रक नुसतं जाहीर नको, प्रत्येक पोस्टात आणि दवाखान्यात छापील लागायला हवं. कोकरांच्या हंगामातले आठवडे शेतकऱ्यांना विचारून ठरवावेत आणि तेवढ्यापुरती दरी सोडावी. उंची पाळली की नाही याची तपासणी तळाबाहेरच्या कुणीतरी करावी. जे घरबसल्या सिम्युलेटरवर होतं ते तिथे करावं. काही मिळालं, काही नाही. पोस्टातला कागद मिळाला. दवाखान्यात तो मी स्वतःच लावला, लसीच्या तक्त्याशेजारी, आणि बाळांच्या वेळा त्याप्रमाणे द्यायला लागले.

शेवटची एक ओळ माझी होती: ही उड्डाणं दुसऱ्या कुठल्या वस्तीवर, या देशात किंवा बाहेर, हलवावीत अशी आमची मागणी नाही. वकिलाने सांगितलं की हे लिहिणं म्हणजे हातातलं हत्यार खाली ठेवणं. त्याचं चुकत नव्हतं. सरकायला जागा दाखवली की सरकार हलतं, हे जर्मनीने सिद्धच केलं होतं. त्या ओळीवर पूर्ण एक संध्याकाळ वाद झाला, केक संपले. मतदान झालं आणि ओळ थोडक्या मतांनी राहिली. वकिलाने आणि आणखी काही घरांनी सही केली नाही. बाकीच्यांनी केली, आणि पत्र तसंच गेलं.